रिमोटवरचा आकडा आणि डोक्यावरचा स्लॅब

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी एक घोषणा केली. एसीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेता येऊ नये, अशी व्यवस्था देशभर लागू करण्याचा सरकारचा मानस आहे. बातमी काही दिवस गाजली. कोणी तिला व्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला म्हटले, तर कोणी १६ अंशांवर एसी लावून गोधडी पांघरणाऱ्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. या गदारोळात मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. खोली मुळात एवढी तापते कशामुळे, आणि ती तापू नये हे पाहण्याची जबाबदारी कोणाची?

घोषणेमागचे भौतिकशास्त्र खोटे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. बाहेर ३६ अंश असताना खोली २४ अंशांवर ठेवली तर भिंतीच्या दोन बाजूंत १२ अंशांचा फरक राहतो; २० अंशांवर ठेवली तर १६ अंशांचा. भिंतीतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती एक तृतीयांशाने वाढते. शिवाय उष्णता जितक्या थंड जागेतून उपसायची, तितकी प्रत्येक एककामागे वीज अधिक लागते. या दोन्ही कारणांचा एकत्रित परिणाम म्हणूनच ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे ‘बीईई’, एक अंश वर नेल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असे सांगत आली आहे. याच ब्युरोच्या नियमानुसार जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवरच सुरू होतो.

परंतु जे घर आधीच २४ अंशांवर एसी चालवते, त्याला २० च्या सीमेचा स्पर्शही होत नाही. आणि ज्या घरात एसीच नाही, त्याच्यासाठी ही घोषणा पूर्णतः निरर्थक आहे. भारतातील बहुसंख्य घरे याच दुसऱ्या वर्गात मोडतात. शहराच्या विजेचा प्रश्न रिमोटवरच्या आकड्यात पाहणे म्हणजे गळक्या टाकीखाली उभे राहून नळ किती फिरवावा यावर वाद घालणे होय.

चेन्नईतील अण्णा नगर हा भाग या संदर्भात नीट पाहण्यासारखा आहे, कारण ही वस्ती आपोआप वाढलेली नाही. १९६८ मध्ये येथे मोठे औद्योगिक व व्यापारी प्रदर्शन भरले. त्याची आठवण म्हणून उभा राहिलेला मनोरा आजही तेथल्या उद्यानात आहे. त्या काळचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुरै यांचे नाव वस्तीला मिळाले. रुंद ॲव्हेन्यू, दुतर्फा झाडे, मोजून आखलेले भूखंड हे सारे गृहनिर्माण मंडळाने ठरवून केले. राज्यसंस्था मनात आणील तर शहर कसे असावे हे ठरवू शकते, याचे हे नगर चांगले उदाहरण होते.

हा मनोरा २०११ पासून बारा वर्षे लोकांसाठी बंद होता. २०२३ मध्ये तो पुन्हा उघडला. त्यावर चढून खाली पाहिले, की झाडांच्या माथ्यांमधून दिसतात त्या गच्च्या: राखाडी सिमेंट, काळ्या टाक्या आणि कठड्यांलगत एसीचे बाहेरचे पंखे. चेन्नईच्या ऊर्जाप्रश्नाचा मोठा भाग या गच्च्यांवर पसरलेला आहे.

चेन्नई सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या मध्यास तेथे सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर असतो, आणि मधल्या महिन्यांतही तो फारसा ढळत नाही. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीचे रक्षण साधा छज्जाही करू शकतो. गच्चीला मात्र आडोसा नसतो. मे महिन्यात, ज्या दिवसांना तमिळ पंचांग अग्निनक्षत्रम म्हणते, त्या दिवसांत उघड्या सिमेंटचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो.

आता एक साधा हिशोब मांडून पाहावा. सहा इंच जाडीच्या काँक्रीट स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे ३६० किलो वजनाचा असतो. त्याचे तापमान १० अंशांनी वाढले तर त्यात सुमारे ०.९ किलोवॉट-तास उष्णता साठते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीत अशी सुमारे ९० किलोवॉट-तास उष्णता दिवसभरात जमा होते. सूर्य मावळल्यावर ती बाहेर पडू लागते. काही आकाशाकडे, काही खालच्या खोल्यांत. निम्मी आत आली असे धरले, आणि एसी एक युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता बाहेर फेकतो असे मानले, तर केवळ स्लॅबने दिवसा गिळलेली उष्णता उपसण्यासाठी एका रात्रीत सुमारे १२ युनिट खर्च होतात. हा अंदाज आहे. वारा, दमटपणा, स्लॅबवरचा थर यांनुसार तो कमीजास्त होईल. पण त्याची पातळी चुकीची नाही. खालचा माणूस एसी २४ वर ठेवो वा २६ वर, स्लॅबमध्ये साठलेली उष्णता त्याच्या निग्रहाने कमी होत नाही.

जुन्या मद्रासच्या गवंड्यांना हे ठाऊक होते. सागाच्या वाशांवर उभ्या विटा, त्यांवर चुन्याचा जाड थर आणि सर्वांत वर भाजलेल्या मातीच्या सपाट फरश्या, अशी तेथली ‘मद्रास टेरेस’ प्रसिद्ध होती. काँक्रीट आल्यावरही स्लॅबवर विटांचे तुकडे आणि चुना यांचा थर घालण्याची रीत दीर्घकाळ टिकली. मुंबई-पुण्यातला ब्रिकबॅट कोबा हा तिचाच भाऊबंद. हा थर पाणी अडवतो, तसाच उष्णतेलाही काही प्रमाणात थोपवतो. आज अनेक नव्या इमारतींत त्याची जागा पातळ रासायनिक लेपाने घेतली आहे. लेप गळती थांबवतो. पण त्याचा रंग गडद असला तर स्लॅब अधिकच तापतो.

असे होऊ नये म्हणून देशात नियम आहे, आणि वादाचा खरा मुद्दा येथेच सुरू होतो. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. निवासी इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी आणि छपराची उष्णतावाहकता किती असावी, याच्या मर्यादा तीत आहेत. छपरासाठी ही मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशामागे १.२ वॉट इतकी आहे. उघड्या काँक्रीट स्लॅबची वाहकता त्याच्या दुपटीहून अधिक असते. संहिता शास्त्रीयदृष्ट्या उत्तम आहे. मात्र ती लागू होते ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांना, आणि तीही राज्याने स्वीकारली तर.

चेन्नईत जमीन ‘ग्राउंड’मध्ये मोजतात. एक ग्राउंड म्हणजे २४०० चौरस फूट, सुमारे २२३ चौरस मीटर. दोन ग्राउंडचा प्रशस्त भूखंडही ४४६ चौरस मीटरच भरतो. म्हणजे एक-दोन ग्राउंडवरचा बंगला पाडून जेव्हा तेथे वाहनतळावर चार-पाच मजले चढवले जातात, तेव्हा ही संहिता त्या इमारतीच्या फाटकाबाहेरच उभी राहते. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने निवासी इमारती कक्षेत आणल्या खऱ्या. पण त्याचा उंबरठा १०० किलोवॉट जोडभाराचा आहे. सहा-आठ सदनिकांची इमारत सहसा त्याच्या खालीच राहते. राज्याला हा उंबरठा खाली आणण्याचा अधिकार त्याच कायद्याने दिलेला आहे.

दरम्यान, २०१९ च्या तमिळनाडू एकत्रित विकास व इमारत नियमांनी सर्वसाधारण इमारतींसाठी चटई क्षेत्र निर्देशांक १.५ वरून २ वर नेला. त्याच भूखंडावर एक तृतीयांश अधिक बांधकाम करण्याची ही मुभा होती. शहर वाढते आहे, घरांची गरज आहे. ही मुभा अनाठायी म्हणता येणार नाही. पण एवढे मोल देताना राज्याने विकसकाकडून गच्ची थंड ठेवण्याची अट घातली असती, तर त्याला ती नाकारण्याचे कोणतेही कारण उरले नसते. जे फुकट देऊन टाकले, ते आता नागरिकाच्या रिमोटकडून वसूल करण्याचा प्रयत्न होतो आहे.

येथे एक योगायोग नोंदवला पाहिजे. एसीच्या मर्यादेची घोषणा करताना मनोहरलाल यांच्याकडे ऊर्जा खात्याबरोबर गृहनिर्माण व नगरविकास खातेही होते. रिमोट आणि स्लॅब एकाच मेजावर होते. बातमी मात्र रिमोटचीच झाली.

या युक्तिवादावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात.

पहिला आक्षेप असा, की वीज कमी वापरण्याच्या गोष्टी कशाला, अधिक निर्माण करावी. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॉटवर पोहोचली आणि ती भागवलीही गेली. तमिळनाडूनेही त्याच महिन्याच्या २ तारखेला २०,८३० मेगावॉटचा विक्रम पार पाडला. हे अभियांत्रिकीचे यश आहे, यात शंका नाही. पण कमाल मागणी वर्षातल्या मोजक्या तासांची असते, आणि त्या तासांसाठी उभारलेले प्रकल्प, रोहित्रे आणि वाहिन्या यांचा खर्च वर्षभर सर्वांच्या बिलात येतो. महाराष्ट्राने मागणीचे फुगवलेले अंदाज आणि महाग वीज यांचा धडा दाभोळ प्रकल्पात गिरवला आहे. तेव्हा पुण्याच्या ‘प्रयास’ गटातील गिरीश संत आणि त्यांचे सहकारी आकडेमोड करून सांगत होते, की वाचवलेली वीज हाही वीजपुरवठ्याचा एक पर्यायच आहे आणि तो प्रकल्पाच्या शेजारी ठेवून त्याच तराजूत तोलला पाहिजे. प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. तो तराजू मात्र अजूनही क्वचितच वापरला जातो.

दुसरा आक्षेप सौरऊर्जेचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजना चांगली आहे, आणि पॅनेलची सावली स्लॅबलाही लाभते. परंतु घरगुती एसीचा भार रात्रीचा असतो, सूर्य दिवसाचा. बॅटऱ्यांनी हे अंतर भरता येईल, पण त्या स्वस्त नाहीत. स्लॅबमध्ये उष्णता जाऊच न देणे हा रात्रीची वीज वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. तरी गच्चीवर वीज निर्माण करण्यासाठी जसे अनुदान आहे, तशी त्या तोडीची राष्ट्रीय योजना गच्ची थंड ठेवण्यासाठी नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काटकसरीचा उपदेश श्रीमंत देशांनी करावा. ज्या देशात बहुतेकांना पुरेशी वीज परवडत नाही, तेथे तो क्रूर ठरतो, असे म्हणतात. उपदेशापुरता हा आक्षेप पूर्णतः खरा आहे. पण काटकसर आणि कार्यक्षमता या भिन्न गोष्टी आहेत. काटकसर माणसाला उकाडा सोसायला सांगते. कार्यक्षमता तोच गारवा कमी विजेत देते. साधा छतपंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. तमिळनाडू सरकारने २०११ पासून मिक्सर, ग्राइंडर आणि पंखे घरोघर मोफत वाटले. २०१५ च्या ‘उजाला’ योजनेत एलईडी दिव्याची घाऊक खरेदी-किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आली. वाटप करण्याची यंत्रणा या राज्यात आहे, आणि घाऊक खरेदीने किंमत पाडण्याची विद्या या देशात आहे. दोन्ही एकत्र आणण्याची इच्छा तेवढी हवी.

तमिळनाडूत २०१६ पासून प्रत्येक घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांचे पहिले १०० युनिट मोफत मिळतात. तापलेल्या स्लॅबखालच्या एसीला रोज १२ युनिट लागत असतील तर ही देणगी आठ-नऊ रात्रींत संपते. म्हणजे सार्वजनिक पैशातला एक भाग अक्षरशः स्लॅबची उष्णता उपसण्यात जातो. तोच पैसा एकदाच चुन्याच्या किंवा परावर्तक रंगाच्या थरावर घातला, तर त्याचा परतावा पुढची अनेक वर्षे मिळेल. हे न होण्यामागे तांत्रिक अडचण कोणतीही नाही. घरमालक गच्चीवर खर्च करीत नाही, कारण बिल भाडेकरू भरतो. भाडेकरू करीत नाही, कारण गच्ची त्याची नाही. विकसक करीत नाही, कारण सदनिका विकल्यावर त्याचा संबंध संपतो. तिघांपैकी कोणीही मूर्ख नाही. म्हणूनच हे काम नियमानेच व्हावे लागते.

या तिघांबाहेर एक चौथा माणूस आहे, त्याचा विचार तर कोणत्याच हिशोबात नसतो. एसी उष्णता नाहीशी करीत नाही. खोलीतली उष्णता आणि स्वतः खाल्लेली वीज या दोहोंची बेरीज तो गल्लीत ओततो. त्या गल्लीत इस्त्रीवाला उभा असतो, इमारतीखालच्या वाहनतळात रखवालदार बसलेला असतो, आणि वरच्या मजल्यावरच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी पंख्याखाली पुस्तक उघडून जागा असतो. अण्णा नगर अशा शिकवण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तापलेल्या स्लॅबखाली पंखा गरम हवाच फिरवतो. या विद्यार्थ्याच्या खोलीची गच्ची पांढरी केली तर विजेची बचत जवळजवळ शून्य भरेल, कारण तो वीज वापरतच नव्हता. त्याला मिळेल ती झोप, आणि झोपेचा रकाना ऊर्जेच्या कोणत्याच ताळेबंदात नसतो.

विज्ञानवार्तांचा दोषही येथेच आहे. मार्च २०२४ मध्ये कल्पाक्कम येथील ५०० मेगावॉटच्या प्रायोगिक जलद प्रजनक अणुभट्टीचा गाभा भरण्यास प्रारंभ झाला, आणि ती योग्यच राष्ट्रीय बातमी ठरली. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवर घडलेली ती घटना देशाच्या अणुविज्ञानाच्या दीर्घ परिश्रमांचे फळ आहे. पण बातमी होण्यासाठी मेगावॉट निर्माणच व्हावे लागतात का? एन्रिको फर्मी यांचे विद्यार्थी आर्थर रोझेनफेल्ड हे कणभौतिकीतले नामांकित संशोधक. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्यांनी आपले क्षेत्र सोडले आणि उर्वरित आयुष्य इमारती, दिवे, खिडक्या आणि पांढऱ्या छपरांवर घालवले. कॅलिफोर्नियात दरडोई वीजवापर पुढची कित्येक दशके जवळजवळ स्थिर राहिला. त्यामागे इमारतींचे आणि उपकरणांचे कठोर नियम हे एक प्रमुख कारण होते. २०१० मध्ये सहकाऱ्यांनी त्यांच्या नावाने एक एककच सुचवले: वर्षाला ३०० कोटी युनिट बचत म्हणजे एक ‘रोझेनफेल्ड’, अर्थात ५०० मेगावॉटचा कोळशाचा एक प्रकल्प अनावश्यक करणे.

हे एकक अण्णा नगरच्या गच्चीला लावून पाहावे. थर बदलून स्लॅबचे तापणे निम्मे झाले तर रात्रीला सुमारे सहा युनिट, आणि वर्षातल्या दोनशे उष्ण रात्रींत १,२०० युनिट वाचतात. ३०० कोटींना १,२०० ने भागले, की २५ लाख गच्च्या येतात. क्षेत्रफळ २५० चौरस किलोमीटर. हा हिशोब एसी चालणाऱ्या वरच्या मजल्यांपुरताच खरा आहे, आणि एकट्या चेन्नईत तेवढ्या गच्च्या नसतील. पण आकडा अशक्य कोटीतला नाही. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये शीत छप्पर धोरण आणले, त्याचे २०२८ पर्यंतचे उद्दिष्ट ३०० चौरस किलोमीटरचे आहे. तेथे ६०० चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या निवासी भूखंडांवर असे छप्पर बंधनकारक केले आहे. उद्दिष्ट गाठले जाईल की नाही हा वेगळा प्रश्न. निदान एका राज्याने छपराला धोरणाचा विषय मानले.

मराठी वाचकाने हे चेन्नईचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. मुंबई महापालिकेच्या मार्च २०२२ च्या हवामान कृती आराखड्यानुसार २०१९ मध्ये शहराच्या हरितगृह वायूंपैकी ७२ टक्के वाटा इमारती व तत्सम स्थिर ऊर्जावापराचा होता. मुंबई, पुणे, नागपूर येथे सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे. त्या बैठकांत वाढीव चटई क्षेत्र, कॉर्पस निधी आणि पार्किंग यांवर तासन्‌तास चर्चा होते. गच्चीवर कोणता थर असेल आणि पश्चिमेच्या काचेला छज्जा असेल का, हे क्वचितच विचारले जाते. एकदा स्लॅब पडला, की पुढची पन्नास वर्षे त्याखालचे बिल ठरून जाते.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. राज्यांनी १०० किलोवॉटचा आणि ५०० चौरस मीटरचा उंबरठा खाली आणावा, निदान छपराची अट प्रत्येक नव्या बांधकाम परवान्यात घालावी. वाढीव चटई क्षेत्र हवे असेल तर थंड गच्ची आणि छज्जे हे त्याचे मोल असावे. चेन्नईच्या दुसऱ्या विकास आराखड्याची मुदत २०२६ पर्यंतची आहे. पुढच्या आराखड्यात या अटी आल्या नाहीत तर आणखी एक पिढी तापलेल्या स्लॅबखाली झोपेल. एसीची २० अंशांची सीमा जरूर यावी, पण या यादीत तिचे स्थान शेवटचे आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. अवरक्त तापमापक आता अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतो. मे महिन्यातल्या एका रात्री दहा वाजता वरच्या मजल्यावरच्या खोलीत छताचे तापमान घ्यावे, मग खालच्या मजल्यावरचे घ्यावे. चुना लावलेल्या आणि न लावलेल्या गच्चीखालचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत, आणि तो तक्ता प्रभागाच्या नगरसेवकाकडे आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत न्यावा. त्यासाठी कोणत्याही मोठ्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही, आणि त्या तक्त्याला रिमोटवरचा आकडा उत्तर देऊ शकत नाही.